फळ्याची उजवी बाजू: वस्तीचे स्वतःचे माध्यम कसे उभारावे

पुण्यात वार्ताफलक नसलेला चौक शोधूनच काढावा लागेल. मंडळाच्या मांडवाशेजारी किंवा पिंपळाच्या पारावर तो उभा असतो, आणि त्यावर जयंतीच्या शुभेच्छा, दहावीच्या मुलांचे अभिनंदन, नाहीतर काळ्या चौकटीत 'भावपूर्ण श्रद्धांजली' असते. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो वाचतो. एवढा वाचला जाणारा मजकूर शहरात दुसरा क्वचितच असेल, तरीही वस्तीतल्या नळाचे, गटाराचे किंवा रेशनचे दुखणे त्या फलकावर सहसा येत नाही, कारण तेथे लिहिणारा एक असतो आणि वाचणाऱ्याला विचारायला जागाच ठेवलेली नसते.

पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत आम्ही काही वर्षांपासून असा फळा आणि त्याच्या जोडीला आठवड्याचे ध्वनिवार्तापत्र चालवतो. त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. वस्तीचे माध्यम सुरू करू पाहणारे बहुतेक जण कॅमेरा कोणता घ्यावा, यूट्यूब वाहिनीचे नाव काय ठेवावे, येथून सुरुवात करतात. माझ्या मते सुरुवात एका वेगळ्या प्रश्नापासून करावी: माणसाने विचारलेला प्रश्न उत्तर मिळेपर्यंत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कसा ठेवायचा? हे एकदा ठरले की फळा, फोन, रेडिओ यांपैकी काय निवडायचे हा सोयीचा भाग उरतो.

फळा कसा असावा

चार फूट रुंद आणि तीन फूट उंच प्लायवूड, त्यावर फळ्याचा काळा रंग, कडेने लाकडी पट्टी आणि वर पावसासाठी पत्र्याची पडवी एवढे पुरते. तो मंडळाच्या कार्यालयापाशीच लागला पाहिजे असे नाही. आम्ही पहिल्यांदा तेथेच लावला आणि दोन महिन्यांनी लक्षात आले, की तेथे संध्याकाळी फक्त तरुण मुले उभी असतात व त्यांना पाहून बायका पलीकडच्या बोळातून जातात. मग तो सार्वजनिक नळाजवळ हलवला. तेथे हंडा भरेपर्यंत प्रत्येकीला थांबावेच लागते, आणि थांबलेला माणूस वाचतो. ज्या वस्त्यांत घरोघरी नळ आले आहेत तेथे किराणा दुकान, पिठाची गिरणी किंवा अंगणवाडीचा दरवाजा हे काम करतो.

फळ्याची खालची कड जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असावी, म्हणजे शाळकरी मुलांनाही वाचता येते आणि घरात वाचता न येणाऱ्यांना तीच मुले वाचून दाखवतात. अक्षर दीड ते दोन इंच उंच काढावे. या मापाने डाव्या बाजूला पन्नास-साठ शब्दांपेक्षा जास्त मावत नाही, आणि ही मर्यादा फायद्याचीच आहे, कारण एवढ्या जागेत भाषण लिहिता येत नाही.

मधोमध एक उभी रेघ मारावी. डावी बाजू खबरीची: पाणी कधी येणार, आधार दुरुस्तीचे शिबिर कोठे आहे, शिष्यवृत्तीचा अर्ज कधीपर्यंत भरायचा. उजवी बाजू प्रश्नांची. तेथे पाच रकाने आखावेत: प्रश्न काय, कोणत्या कार्यालयात दिला, कोणत्या तारखेला, आज कितवा दिवस आणि उत्तर काय आले. यातला चौथा रकाना रोज सकाळी पुसून नव्याने लिहायचा असतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि सगळा फळा त्यावरच उभा आहे. आमच्या बोळाच्या तोंडावरचा विजेचा दिवा बंद होता, तेव्हा 'आज ९ वा दिवस' असे लिहिलेले कोणी मनावर घेतले नाही. विसाव्या दिवसानंतर लोक स्वतःहून आकडा विचारू लागले, मुले शाळेत जाताना तो मोठ्याने ओरडू लागली. एकेचाळिसाव्या दिवशी पाहणीला आलेल्या कनिष्ठ अभियंत्यांनी गाडीवरून उतरून आधी तो रकाना वाचला आणि मग खांबाकडे पाहिले. त्यानंतर तिसऱ्या दिवशी दिवा लागला. फळ्यावर 'उत्तर' या रकान्यात आम्ही 'दिवा लागला, ४४ वा दिवस' एवढेच लिहिले आणि तो मजकूर आठवडाभर पुसला नाही.

प्रश्न गोळा करण्यासाठी फळ्याखाली कुलूप लावलेली पेटी ठेवता येते, पण तिच्यात चिठ्ठ्या फार पडत नाहीत. लिहून देण्यापेक्षा बोलून सांगणे लोकांना सोपे जाते. म्हणून आठवड्यातून एक ठरलेली वेळ ठेवावी व तेव्हा दोघांनी फळ्यापाशी वही घेऊन बसावे. एक ऐकेल, एक लिहील. लिहिलेले सांगणाऱ्याला वाचून दाखवावे आणि मगच वही मिटावी.

लिहिणारे कोण

संपादक मंडळ हा शब्द ऐकला की लोक बिचकतात, म्हणून आम्ही 'फळ्याची माणसे' म्हणतो. ती पाच ते सात असावीत, त्यांत निम्म्याहून अधिक बायका असाव्यात आणि निवडणूक लढवू इच्छिणारे कोणीही नसावे. ही शेवटची अट कठोर वाटेल, पण ती पहिल्याच दिवशी सांगून टाकलेली बरी. बैठकीची वेळ सगळ्यांत शेवटी मोकळ्या होणाऱ्या माणसाप्रमाणे ठरवावी. कचरावेचक बायका पहाटे बाहेर पडून दुपारी परततात, घरकाम करणाऱ्यांना दुपारी दोन तास मिळतात, रिक्षावाल्यांना रात्री साडेनऊनंतर. सकाळी अकराला बैठक ठेवली तर फक्त निवृत्त माणसे येतात आणि फळ्याला त्यांचाच सूर लागतो.

भाषेबाबत एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. पुण्याच्या अनेक वस्त्यांत १९७२ च्या दुष्काळात आलेल्या मराठवाड्यातल्या आणि सोलापूरकडच्या घरांची तिसरी पिढी राहते. घरातली बोली अजून तिकडची आहे आणि कित्येक घरांत लमाणी, वडारी, कन्नड किंवा हिंदीही बोलली जाते. फळ्यावर 'सदर जलवाहिनीच्या दुरुस्तीकरिता पाणीपुरवठा खंडित राहील' असे लिहिले तर ती कार्यालयाचीच नोटीस वाटते. 'गुरुवारी पाणी येणार नाही, बुधवारी भरून ठेवा' हे पुरेसे आहे. उत्तर प्रदेशात चित्रकूटच्या परिसरात २००२ साली सुरू झालेल्या 'खबर लहरिया' या ग्रामीण स्त्रियांच्या वृत्तपत्राने बुंदेली बोलीत बातम्या दिल्या, आणि शहरी पत्रकार ज्या गावांत पोहोचत नव्हते तेथे त्यांच्या बातमीदार पोहोचल्या. बोली ही त्यांच्यासाठी सजावट नव्हती, माहिती मिळवण्याचे साधनच होते.

खबर खरी असल्याची खात्री करण्याचा आमचा नियम साधा आहे. ज्याच्याशी ती संबंधित आहे त्याच्याकडून एकदा आणि ज्याचा त्यात काही फायदा नाही अशा माणसाकडून एकदा, अशी ती दोनदा ऐकलेली असावी. व्हॉट्सॲपवर आलेला संदेश कितीही जणांनी पाठवला असला तरी तो एकच स्रोत धरावा. चूक झाली तर ती खडूने गुपचूप पुसू नये, डाव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात 'काल आम्ही चुकीचे लिहिले होते' असे लिहून दुरुस्ती द्यावी.

आमची सगळ्यांत मोठी चूक मात्र अशी दुरुस्त होण्यासारखी नव्हती. शेजारच्या घरातून पाण्याच्या लाइनला थेट मोटार लावतात, अशी तक्रार एका बाईने केली. आम्ही नाव लिहिले नाही याच समाधानात होतो, पण 'तिसऱ्या बोळातले निळ्या दाराचे घर' असे लिहिले. त्या बोळात निळे दार एकच होते आणि त्याला लागून राहणारी बाईही एकच. संध्याकाळी भांडण झाले, ते पोलीस चौकीपर्यंत गेले, आणि ती बाई आजही फळ्यापाशी थांबत नाही. तेव्हापासून व्यक्तीविरुद्धची तक्रार आम्ही फळ्यावर घेतच नाही. फळा कार्यालयांना प्रश्न विचारण्यासाठी आहे. शेजाऱ्यांचा तंटा वस्तीतल्या वडीलधाऱ्यांकडे किंवा बचत गटाच्या बैठकीत न्यावा.

फळ्यावरून कार्यालयापर्यंत

फळ्यावर प्रश्न लिहिला म्हणजे तो विचारला गेला असे होत नाही. प्रत्येक प्रश्नाचा एक कागद कार्यालयात गेला पाहिजे. महानगरपालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात आवक-जावक टेबलावर अर्ज देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्यावी. या पोचेची तारीख हीच फळ्यावरच्या दिवसमोजणीची सुरुवात. पोच नसेल तर उजव्या बाजूला प्रश्न चढवू नये, कारण 'आम्हाला अर्जच मिळाला नाही' या एका वाक्याने चाळीस दिवसांची मोजणी वाया जाते. ऑनलाइन तक्रार केली असेल तर तिचा क्रमांक लिहावा.

उत्तर येत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ वापरावा. दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला ते शुल्कही लागत नाही आणि माहिती सर्वसाधारणपणे ३० दिवसांत द्यावी लागते. अर्जात 'दिवा का लावला नाही' असे विचारू नये. 'अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्याव्यात' असे मागावे, कारण कायद्याने मिळते ती नोंदलेली माहिती, कारणमीमांसा नाही. याखेरीज, नागरिकांनी ठरलेल्या वेळी कार्यालयात बसून फाइली पाहाव्यात ही पद्धत पुण्यात रुजली होती, आणि राज्य सरकारने २०१८ मध्ये सोमवारी दुपारी ३ ते ५ ही वेळ जिल्हा व स्थानिक पातळीवरील कार्यालयांसाठी ठरवून दिली. जाण्याआधी आपल्या कार्यालयात ती सोय चालू आहे का ते विचारून घ्यावे. दोघांनी जावे, एकाने वाचावे आणि दुसऱ्याने पान क्रमांकासह टिपावे.

मागणी मांडण्याची आणखी एक जागा पुण्यात २००६ पासून आहे, ती म्हणजे नागरिकांच्या सहभागातून होणारे अंदाजपत्रक. आपल्या भागात पदपथ, बाक, दिवे, शौचालयाची दुरुस्ती अशी कोणती छोटी कामे हवीत, हे नागरिकांनी अर्ज भरून क्षेत्रीय कार्यालयाकडे सुचवायचे असते. अर्ज साधारणतः पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात आणि मुदत अशी निघून जाते की वस्त्यांना पत्ताच लागत नाही. सोसायट्यांमधले जागरूक रहिवासी अर्ज भरतात, वस्तीतले फारसे भरत नाहीत. फळ्याने येथे नुसती खबर देऊन थांबू नये. जुलैमध्येच कामांची यादी फळ्यावर लिहावी, प्रत्येक घराला एक ठिपका काढू द्यावा, आणि सर्वाधिक ठिपके मिळालेल्या चार कामांचे अर्ज फळ्याच्या माणसांनी भरून द्यावेत. पुढच्या वर्षी अंदाजपत्रक जाहीर झाल्यावर त्यांतली किती कामे आली, हे पुन्हा उजव्या बाजूला.

आवाज

फळा वस्तीबाहेर जात नाही आणि रात्रपाळीच्या माणसाला तो दिसत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तीन मिनिटांचे ध्वनिवार्तापत्र काढावे. स्वच्छ बोलणारा माणूस मिनिटाला साधारण सव्वाशे शब्द बोलतो, तेव्हा पावणेचारशे शब्दांत सगळे बसवावे लागते. स्टुडिओची गरज नाही. पंखा बंद करून, गोधड्यांच्या घडीसमोर बसून, फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला धरला, तर पत्र्याच्या खोलीतही घुमत नाही. चुका कापण्यासाठी ऑडॅसिटी ही मोफत प्रणाली जुन्या संगणकावरही चालते. तीन मिनिटांत निदान एक मिनिट तरी वस्तीतल्या कोणाचा तरी स्वतःचा आवाज असावा. शेजारणीचा आवाज ओळखू आला की लोक पुढच्या आठवड्याची वाट पाहतात, आणि निवेदकाच्या कौशल्याने हे साधत नाही.

हे वार्तापत्र व्हॉट्सॲपवर पाठवताना गट न करता प्रसारण यादी (ब्रॉडकास्ट लिस्ट) करावी, म्हणजे संदेश प्रत्येकाला वेगळा जातो. गटात सकाळचे सुविचार आणि निवडणुकीच्या काळात बरेच काही येऊन पडते. प्रसारण यादीत एका वेळी २५६ जण घेता येतात, मात्र ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच संदेश मिळतो. तो क्रमांक घरोघरी जाऊन साठवून द्यावा लागतो. एक रविवार जातो, पण त्या निमित्ताने प्रत्येक घराशी बोलणे होते.

साधा फोन वापरणाऱ्यांसाठी छत्तीसगडमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'सीजीनेट स्वरा'ची रचना समजून घेण्यासारखी आहे. तेथे आदिवासी भागातला माणूस एका क्रमांकावर फोन करून आपली बातमी किंवा तक्रार बोलून ठेवतो, संपादक ती तपासतात आणि मग तोच क्रमांक फिरवून इतरांना ती ऐकता येते. वाचन, लेखन, इंटरनेट, कशाचीही गरज नाही. पाचशे घरांच्या वस्तीला एवढी यंत्रणा लागत नाही, पण दहा-बारा वस्त्या एकत्र आल्या तर विचार करावा.

सामुदायिक रेडिओबद्दल हमखास विचारले जाते. ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितले. आधी शिक्षणसंस्थांना आणि नोव्हेंबर २००६ च्या धोरणानंतर नोंदणीकृत ना-नफा संस्थांनाही केंद्र मिळवण्याची वाट मोकळी झाली. पुण्यात विद्यापीठाची 'विद्यावाणी' आहे, साताऱ्याच्या म्हसवडमध्ये 'माणदेशी तरंग वाहिनी' आहे. पण परवान्यासाठी संस्थेला किमान तीन वर्षे झालेली असावी लागतात, निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तयार करावा लागतो, स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, फक्त आकाशवाणीच्या बातम्या घेता येतात, आणि खर्च लाखांत जातो. नव्या गटाने या वाटेला लागू नये असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यमान केंद्रांकडे आपले तीन मिनिटांचे वार्तापत्र घेऊन जावे. त्यांनाही स्थानिक आवाज हवेच असतात.

पाणी येण्याआधी

पावसाळ्यात वस्तीच्या माध्यमाची खरी कसोटी लागते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ रोजी पहाटे सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत शिरलेले पाणी, या दोन्ही वेळा माणसे बेसावध होती. खडकवासला धरण लहान आहे, वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर आहेत, त्यामुळे ते भरले की विसर्ग, म्हणजे धरणातून सोडले जाणारे पाणी, झपाट्याने वाढवावा लागतो. तो क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडले त्या आकड्यात, जाहीर होतो, आणि क्युसेक ऐकून कोणी गादी उचलत नाही.

म्हणून मे महिन्यातच एक काम करून ठेवावे. जुन्या रहिवाशांना सोबत घेऊन ओढ्याच्या किंवा नदीच्या काठाने चालावे आणि मागच्या पुरांत पाणी कोणत्या पायरीपर्यंत, कोणत्या ओट्यापर्यंत आले होते, ते विचारून भिंतीवर रंगाने खूण करावी. त्या दिवसांचे विसर्गाचे आकडे वर्तमानपत्रांतून काढून खुणेशेजारी लिहावेत. मग फळ्यावर 'आज रात्री विसर्ग वाढणार, मारुतीच्या देवळाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत पाणी येऊ शकते' असे लिहिता येते. ओढ्याकाठच्या वस्तीने धरणाच्या आकड्यावर विसंबू नये, वरच्या भागात राहणाऱ्या दोन घरांचे फोन क्रमांक आधीच घेऊन ठेवावेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी असली तरी सार्वजनिक आणीबाणीचा अपवाद ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे. त्याबाबत पोलीस ठाण्याशी आधी बोलून ठेवावे. शिट्टी आणि दवंडीला तर वीजही लागत नाही.

कायदा आणि पैसा

लोकांच्या नजरेस पडेल अशा जागी परवानगीशिवाय फलक लावणे महाराष्ट्रात १९९५ च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. म्हणून फळा खाजगी भिंतीवर, मालकाच्या लेखी संमतीने लावावा आणि महानगरपालिकेची परवानगी लागते का ते आधी विचारून घ्यावे. बदनामीचे कलम भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे, त्यामुळे हेतू चिकटवण्यापेक्षा तारीख व पोच लिहिणे सुरक्षित. लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची आणि गुन्ह्यात सापडलेल्या किंवा पीडित मुलांची ओळख कोणत्याही रूपात देऊ नये, आणि निळ्या दाराचा धडा येथे दुपटीने लागू होतो. पुढे छापील नियतकालिक काढायचे झाल्यास मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याखाली नोंदणी करावी लागेल.

पैशाबाबत पुण्याचाच एक जुना दाखला आहे. कृष्णराव भालेकरांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. शेतकरी, कामकरी आणि सत्यशोधकांचा आवाज असलेले ते पत्र आर्थिक ओढाताणीत सापडले, आणि १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईत नेऊन पुढे चालवले. फळ्याचा खर्च खडू, रंग आणि फोनचा रिचार्ज एवढाच असतो, तो दरमहा दहा-दहा रुपयांच्या वर्गणीतून भागवावा. नगरसेवकाची किंवा बिल्डरची देणगी घेऊ नये, ती कितीही निर्हेतुक वाटली तरी. देणगीदाराच्या नावाची पट्टी फळ्यावर लागली की त्याच्याविषयीचा प्रश्न उजव्या बाजूला चढत नाही. जमाखर्च दर महिन्याच्या एक तारखेला फळ्याच्या तळाशी लिहावा.

फळा बंद पडतो तो बहुतेक वेळा दिवाळीत किंवा मे महिन्यात, कारण लिहिणारे गावी जातात. म्हणून सुट्टीच्या आधी दोन न जाणारी माणसे शोधून त्यांच्याकडे खडूची पेटी, वही आणि पोचेची फाइल द्यावी, आणि काहीच नवे लिहायचे नसले तरी चौथ्या रकान्यातला आकडा रोज बदलायला सांगावे.